गोळी खिशात ठेवा

सकाळी ७.४०. रक्त द्यायची रांग. सांगलीहून रात्रीच्या गाडीनं आलेले काका पहिल्याच नंबरला. "गोळी?" मी विचारलं. "घेतली की! सातला, स्टँडवर उतरल्या-उतरल्या. वेळ चुकवायची नाही असं तुम्हीच म्हणाला होता, ताई."

आता आली का पंचाईत. टॅक्रोलिमस ही किडनी प्रत्यारोपणानंतरची गोळी; तिची रक्तातली पातळी बघायची तर आधीच्या गोळीनंतर बारा तासांनी आणि पुढची घ्यायच्या आधी रक्त काढावं लागतं. गोळी पोटात गेली की आकडा फुगतो. तो खरा मानून डोस कमी केला, तर शरीर नव्या किडनीला परकी समजून तिच्यावर उठू शकतं. काकांना उद्यापर्यंत मुक्काम पडला. चूक माझी. पहिलं वाक्य मी पाठ करून घेतलं होतं आणि दुसरं सांगायचं राहिलं होतं : तपासणीच्या दिवशी गोळी खिशात, रक्त दिल्यावर तोंडात.

९.३०, वॉर्ड. आज घरी जाणारा रिक्षावाला दादा, किडनी त्याच्या आईची. जुन्या दोन्ही किडन्या जागेवरच आहेत आणि नवी पोटात खाली उजवीकडे बसवली आहे, हे ऐकून तो दचकला. "म्हणजे तीन?" तीन. त्याचा खरा अडसर पाणी. डायलिसिसची तीन वर्षं त्यानं घोट मोजून काढली, उन्हाळ्यात बर्फाचा खडा चघळून. आता डॉक्टरांनी दिवसाला तीन लिटर सांगितलंय, तर घशाखाली उतरत नाही. मी बोलत होते तेवढ्यात आईनं हात लांब करून बाटली त्याच्यापासून दूर सरकवली. सवय! मग तिघंही हसलो, तो टाक्यांवर उशी दाबून.

नंतर वही. रोज सकाळी वजन, ताप, रक्तदाब, किती पाणी प्यायलो, लघवी किती झाली. १०० च्या वर ताप, लघवी कमी, पायावर सूज, एका दिवसात किलोभर वजन वाढलं, तर वाट न बघता फोन. सगळं सांगून झालं की मी गप्प बसते आणि म्हणते, "आता तुम्ही मला शिकवा." मान डोलावण्यावर माझा विश्वास नाही. दादानं सगळं बरोबर सांगितलं, फक्त डोकं दुखलं तर दुकानातून डायक्लोफेनॅक आणीन म्हणाला. पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी १. गटाचा वर्ग, बारा-तेरा माणसं, निम्म्या बायका. खरं तर यांच्यासाठीच वर्ग असतो, कारण डबा त्याच भरतात. बाहेरची भेळ नको, फळं धुऊन, दूध उकळून. गुळवेलीच्या काढ्यावर दरवेळी वाद होतो. "प्रतिकारशक्ती वाढते ना?" वाढवायचीच नाहीये, मावशी. महिनोन् महिने औषधं देऊन ती आवरून धरलीय. माझं एक स्पष्ट मत आहे : आपण यांना घाबरवतो फार आणि कारण सांगतो कमी. कारण कळलं की नियम आपोआप पाळला जातो.

दुपारी ३.१५. दादाची आई एकटी बाकावर. सगळा दिवस मुलाबद्दल विचारत होती. तिला म्हटलं, तुमचं काय? दरवर्षी तुमचाही रक्तदाब, लघवी, क्रिएटिनिन तपासायचं. ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय." तारीख लिहून चिठ्ठी तिच्या पर्समध्ये ठेवली, मुलाच्या फायलीत नाही.

रात्री ८.४५. घरी भाकरी तव्यावर असताना फोन. सांगलीचे काका, लॉजवरून.

"ताई, गणपतीचा प्रसाद दिलाय शेजारच्यांनी. पपनस आहे. फळच आहे, धुऊन घेतलंय."

"नाही काका. त्यानं गोळीची पातळी वाढू शकते."

"मग उद्या रक्त दिल्यावर?"

"उद्याही नाही. आणि उद्या सकाळची गोळी कुठे?"

"खिशात."