तीन लोंब्यांचे वाण

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या तालुक्यांत, आणि वैनगंगेच्या पलीकडे १९८२ साली स्वतंत्र जिल्हा झालेल्या गडचिरोलीत, जंगलाच्या कडेकडेने ज्या धानाच्या बांध्या पसरलेल्या दिसतात, त्या मालगुजारीच्या अमदानीपासून चालत आलेल्या तलाव-बोड्यांच्या पाण्यावर तगून आहेत. या झाडीपट्टीत कास्तकाराचे वर्षाचे अन्न, देण्यांची फेड आणि लग्नकार्याची बेगमी ही सर्व एका धानावर अवलंबून असल्यामुळे, कोणते वाण पेरावे याचा निर्णय चुकला तर त्याचा परिणाम पुढील पावसाळ्यापर्यंत घराच्या चुलीपाशी जाणवत राहतो. अशा मुलखात वाण सुधारण्याची विद्या दोन ठिकाणी रुजली: सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात, आणि नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात, दादाजी रामाजी खोब्रागडे या अल्पभूधारकाच्या शेतात.

दादाजींचे शिक्षण तिसऱ्या इयत्तेपर्यंतचे. १९८३ साली, जबलपूरच्या कृषी विद्यापीठातील डॉ. जे. पी. पटेल यांनी सिद्ध केलेल्या 'पटेल-३' या वाणाच्या पिकात फिरत असता, त्यांना तीन लोंब्यांचे दाणे पिवळसर, इतरांहून निराळे दिसले. हजारो लोंब्यांच्या गर्दीत तीन लोंब्यांवर दृष्टी थबकावी, ही गोष्ट मी सामान्य मानीत नाही. कारण कापणीच्या घाईत वेगळे दिसलेले रोप भेसळ समजून टाकून देण्याचीच शेतात रीत असते. दादाजींनी त्या लोंब्या खुडून वेगळ्या जपून ठेवल्या. पुढील हंगामात ते मूठभर बी त्यांनी शेताच्या मध्यभागी पेरले, आणि जंगल लगत असल्याने रानडुकरांचा उपद्रव नेहमीचाच, म्हणून सभोवार काट्याकुट्यांचे कुंपण घातले. मग दरसालची पेरणी, दरसालची निवड. दाणा बारीक आला, उतारा अधिक आला. भात शिजवून पाहिला, तो पटेल-३ हून चविष्ट लागला. प्रयोगशाळेचे दफ्तर नसलेल्या त्या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे केलेली ही परीक्षा शास्त्राच्या कसोटीला पूर्णपणे उतरणारी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावातल्याच एका मोठ्या शेतकऱ्याने हे बी आपल्या शेतात पेरले आणि १९९० च्या सुमारास ते धान तळोधीच्या बाजारात गेले. वाणाला नाव नव्हते. तेव्हा त्या काळी घरोघरी प्रतिष्ठेच्या ठरलेल्या मनगटी घड्याळावरून व्यापाऱ्याने त्याला 'एचएमटी' म्हटले, आणि त्याच नावाने ते राज्याच्या सीमा ओलांडून गेले.

एकट्या माणसाला हे साधले, यात धानाच्या फुलाच्या स्वभावाचाही वाटा आहे. धानाचे फूल थोडा वेळच उघडते आणि बहुधा आपल्याच परागाने फळते. परपरागण शेकडा एकाच्याही आत असते. त्यामुळे एकदा निवडलेली लोंबी काही पिढ्यांत स्थिर होते, आणि शेजारच्या बांधीतील निराळे वाण तिला सहसा बिघडवीत नाही.

परसातल्या मांडवावर चढणाऱ्या लाल भोपळ्याचे मात्र तसे नाही. त्याची नरफुले व मादीफुले एकाच वेलावर, पण वेगवेगळी. ती पहाटे उमलतात, दुपारपूर्वी मिटतात, आणि मधमाश्या कोणत्या वाडीतील पराग कोठे नेतील याचा नेम नसतो. म्हणून वाण राखू पाहणाऱ्याने आदल्या संध्याकाळी दोन्ही कळ्यांची तोंडे बांधावी, सकाळी नरफुलाचे केसर मादीफुलावर फिरवावे आणि ते फूल पुन्हा झाकून त्याला खूण करावी. संकरित बियाणे करायचे झाले तर, दोन निरनिराळे शुद्ध वाण कित्येक पिढ्या स्वपरागणाने राखून, मादी-वाणावरील नरफुले उमलण्यापूर्वीच खुडून, हा खटाटोप दर हंगामात नव्याने करावा लागतो.

तरीही तो करण्याजोगा आहे. बारीक तांदळाने पोट भरते व दरही चांगला मिळतो, परंतु सडीक भातात बीटा-कॅरोटीन नसते. पिवळ्या-केशरी गराच्या भोपळ्यात ते असते, आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व घडविते. शिवाय पूर्ण पिकलेला भोपळा घराच्या कोपऱ्यात कित्येक महिने टिकतो, ही पावसाळ्यात वाटा बंद होणाऱ्या गावांना फार मोठी सोय आहे.

सिंदेवाहीकडे पुन्हा वळताना एक कटू प्रकरण वगळता येत नाही. तेथील केंद्र ज्याचे, त्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' हे वाण प्रसृत केले, तेव्हा हे आपलेच वाण असून श्रेय मात्र आपणांस मिळाले नाही, अशी दादाजींची कैफियत होती, आणि ती अखेरपर्यंत राहिली. शुद्धीकरण, चाचण्या व प्रमाणित बियाण्यांचा पुरवठा हे संस्थेचे काम मोठेच आहे. पण निवड करणाऱ्याच्या नावाचा दाखला त्या कामाच्या आरंभीच नोंदला गेला असता, तर विद्यापीठाची प्रतिष्ठा वाढलीच असती. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. एचएमटीखेरीज 'डीआरके', 'नांदेड हिरा' यांसारखी आणखी वाणेही त्यांनी दिली. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीच्या शोधग्राममधील रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

वनस्पती वाण व शेतकरी हक्कांच्या २००१ च्या कायद्याने कास्तकाराला बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा हक्क दिलेला आहे. संकरित भोपळ्याच्या बाबतीत मात्र तो हक्क फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्याचे बी पुढल्या पिढीत नाना रूपांत फुटते. तालुक्याच्या बाजारासाठी पिकविणाऱ्याने संकर जरूर लावावा. दूरच्या टोल्यावरील घराला बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेचे 'अर्का चंदन' यासारखे, बी राखता येणारे सुधारित वाण अधिक लाभदायक, असे मला वाटते. भोपळ्याची निवड विळीवर होते: फळ चिरल्यावरच गराचा रंग दिसतो, आणि त्या वेळी बियांचा पिता कोण हे सांगण्यास कोणी उरलेले नसते. म्हणून गावातील चांगल्या वेलावर दोन-तीन फुले तरी आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवावी, आणि त्यांच्या फळांचेच बी पुढील पेरणीसाठी सावलीत वाळवावे.