लिनक्सच्या पॅकेजांची राखण : अर्जाआधीची वाट

सुरतेच्या महिधरपुरा हिराबाजारात दलाल कागदाच्या पुड्यांतून मौल्यवान हिरे हातोहात देतात. पुडी कोणाच्या ओळखीने आली, याला तिथे मोठे मोल असते. लिनक्सच्या विश्वातही ‘पॅकेज’ नावाची पुडी असते आणि ती बांधणाऱ्याची पारख बऱ्याच अंशी अशीच होते. सुरतेतील असो वा फोंड्यातील, या स्वयंसेवी कामासाठी अर्ज करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने हे आधी जाणून घ्यावे.

लिनक्स हा खरे तर केवळ गाभा. त्याभोवती हजारो प्रोग्राम जुळवून जी सलग प्रणाली आपल्या हाती येते, तिला वितरण म्हणतात. इयान मर्डॉक यांनी 1993 मध्ये सुरू केलेले डेबियन हे त्यांपैकी एक. उबुंटूचा पायाही तेच. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या त्याच्या तेराव्या आवृत्तीत सुमारे 70 हजार पॅकेजे आहेत. मूळ लेखकाने सुधारणा केली की ती वितरणात आणणे, परवाना तपासणे, वापरकर्त्यांच्या तक्रारी निस्तरणे, हे मेंटेनरचे म्हणजे पॅकेज राखणाऱ्याचे काम. पहिले पॅकेज बांधण्याचा आनंद एका संध्याकाळचा, राखण मात्र वर्षानुवर्षांची. अनेक उत्साही मंडळी गळतात ती इथेच.

डेबियनमध्ये अर्ज ही पहिली पायरी नव्हेच. आधी काम, मग अर्ज. ज्यांना वाली उरलेला नाही अशा ‘अनाथ’ पॅकेजांची यादी तेथे उघड असते. त्यातले आपण स्वतः वापरतो असे एखादे निवडावे, दुरुस्त करावे आणि एखाद्या अधिकृत डेव्हलपरला ते तपासून आपल्या सहीने चढवण्याची विनंती करावी. त्याला प्रायोजक म्हणतात. उत्तराला कधी आठवडे लागतात, तोही स्वयंसेवकच. असे काम काही काळ सुरळीत चालले की ‘डेबियन मेंटेनर’ होण्यासाठी अर्ज करता येतो. ठरावीक पॅकेजे स्वतः चढवण्याची मुभा देणारी ही पायरी 2007 पासून आहे. ‘डेबियन डेव्हलपर’ होण्यासाठी याहून कसून परीक्षा होते. तीत तांत्रिक कौशल्याबरोबर मुक्त सॉफ्टवेअरविषयीच्या तत्त्वांचीही उलटतपासणी असते.

दोन्ही ठिकाणी शिफारस लागते, तशीच अर्जदाराची डिजिटल किल्लीही. प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहून जुन्या डेव्हलपरने त्या किल्लीवर सही करायची, ही परंपरा. मोठ्या संमेलनांपासून दूर राहणाऱ्याला ही अट जाचक वाटते. सप्टेंबर 2023 मध्ये डेबियनचे जागतिक संमेलन कोचीत भरले, तेव्हा भारतीयांना अशी संधी घराजवळ मिळाली होती.

एवढा सोपस्कार कशासाठी? मार्च 2024 मध्ये याचे उत्तर मिळाले. ‘एक्सझेड’ या फाइली आकसणाऱ्या प्रोग्रामचा मूळ राखणदार थकला होता. ‘जिया तान’ या नावाने कोणी दोन-अडीच वर्षे चोख मदत केली, विश्वास संपादला, सहराखणदाराचे अधिकार मिळवले आणि शेवटी त्यात चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात दूरस्थ प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद विलंब जाणवला, म्हणून ती उघडकीस आली. डेबियनच्या चाचणीसाठीच्या शाखांपर्यंत ती पोहोचलीही होती. स्थिर आवृत्ती बचावली. हा घाला मूळ प्रकल्पावर होता, हे खरे. तरी थकलेल्या एकट्या राखणदाराच्या हाताखाली नवा माणूस घेणे किती आवश्यक आणि किती जोखमीचे, हे तेव्हा सर्वांना कळून चुकले.

आरंभ कुठून करावा? माझ्या मते लिपीपासून. रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी जोपासलेला ‘लोहित’ फाँट डेबियनमध्ये देवनागरीसाठी वेगळ्या आणि गुजरातीसाठी वेगळ्या पॅकेजात मिळतो. मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून निराळे. ‘दुसऱ्या’तला आडवा रफार तर अननुभवी तपासनिसाच्या नजरेतून सहज निसटतो. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात घरी मराठी आणि बाहेर गुजराती वाचणारी मुले आहेत. आपल्याकडे मराठी-कोंकणी दोन्ही लिहिणारी आहेत. अक्षर चुकीचे उमटले तर कोणती आवृत्ती, कोणता प्रोग्राम, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, एवढे नीट लिहून दोष नोंदवण्यास कोणाचीही शिफारस लागत नाही.