साखळीतली चुकलेली कडी

बाहेर धो धो पाऊस. वीज गेलेली. मोबाइलची बॅटरी संपलेली. आणि घरभर नुसता कंटाळा! असा कंटाळा तुला येतो ना? मलाही येतो. सगळ्याच मोठ्यांना येतो, फक्त ते कबूल करत नाहीत.

तर अशाच एका दुपारी माझी भाची गणपतीच्या सजावटीसाठी कागदाची साखळी करत बसली होती. साखळी तुला माहीत असेलच. कागदाची पट्टी गोल वळवायची, टोकाला टोक चिकटवायचं. झाली एक कडी! मग तिच्यातून दुसरी पट्टी ओवायची, तीही चिकटवायची. पंधरा ऑगस्टला वर्गात लावतात ना, तीच.

सोळा कड्या झाल्या. सतराव्या कडीला भाची वैतागली.

"मावशी, ही बघ ना! वाकडी झालीये!"

घाईघाईत पट्टीचं एक टोक उलटं झालं होतं. कडीला पीळ पडला होता. भाची ती फाडून टाकणार, इतक्यात मी ओरडले, "थांब, थांब! फाडू नकोस!"

कारण दोस्ता, तिच्या हातात जे होतं ना, ती जगातली एक मोठी गंमत आहे. आणि तिला खर्च किती? शून्य रुपये!

चल, तूही करून बघ. हवी फक्त रद्दी, कात्री आणि गोंद. गोंद संपलाय? मग खळ करू या. दोन चमचे मैदा अर्ध्या वाटी पाण्यात कालवायचा. गुठळी राहता कामा नये हं! मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पिठल्यासारखं घट्ट होऊ लागलं की झाली खळ. गॅसपाशी मात्र एखादा मोठा माणूस शेजारी हवाच. खळ गार झाली की बोटाने लावायची. हात बरबटतात, पण तीच तर मजा!

आता वर्तमानपत्राची एक पट्टी काप. तीन बोटं रुंद आणि हातभर लांब. ती गोल वळव. पण टोकं चिकटवण्याआधी एक टोक उलटं कर. पुरी उलटतात तसं, एकदाच! आणि मग चिकटव. खळ अगदी कडेपर्यंत लाव बरं का. कडेला कोरडं राहिलं, तर पुढे कापताना सांधा सुटतो. आमचा दोनदा सुटला!

झाली वाकडी कडी? आता एक स्केचपेन घे. पट्टीच्या बरोबर मधोमध रेघ ओढायला लाग. पेन उचलायचं नाही. कड ओलांडायची नाही. नुसतं पुढे पुढे जात राहायचं.

आणि काय झालं? रेघ फिरून फिरून जिथून निघाली तिथेच आली! आता पट्टी नीट बघ. आतल्या बाजूला रेघ आहे. बाहेरच्या बाजूलाही आहे! पेन तर एकदाही उचललं नव्हतं. मग रेघ पलीकडे गेलीच कशी?

अगं बाई! या पट्टीला पलीकडची बाजूच नाही!

पोळीला दोन बाजू असतात. एक भाजली की उलटावी लागते, मग दुसरी भाजायची. वहीच्या पानाला दोन बाजू असतात. पण या पीळ दिलेल्या पट्टीला बाजू एकच. एखादी मुंगी तिच्यावरून सरळ चालत गेली, तर कड न ओलांडता सगळा कागद फिरून येईल. म्हणून तर एशर नावाच्या डच चित्रकाराने 1963 साली आपल्या चित्रात अशाच पट्टीवर नऊ लाल मुंग्या चालवल्या. बिचाऱ्या अजून चालतायत!

आणि कडा किती? एक बोट कडेवरून फिरवत जा. दोन फेऱ्या मारून बोट पुन्हा पहिल्याच जागी येतं. म्हणजे कडसुद्धा एकच!

या पट्टीला म्हणतात मोबियसची पट्टी. ऑगस्ट मोबियस हे जर्मनीतल्या लाइपझिग शहरातले प्राध्यापक. काम काय, तर तारे बघायचं! 1858 साली त्यांना ही पट्टी सुचली. तेव्हा त्यांनी वयाची पासष्टी ओलांडली होती. आजोबाच म्हण ना! आणि गंमत माहितीये? त्याच वर्षी योहान लिस्टिंग नावाच्या दुसऱ्या जर्मन गणितज्ञालाही अगदी हीच पट्टी सुचली होती. तीसुद्धा स्वतंत्रपणे, त्यांची त्यांना. पण नाव लागलं मोबियस आजोबांचं. लिस्टिंग यांच्यावर जरा अन्यायच झाला, असं मला वाटतं.

बरं, शाळेत जाताना घाईत कंबरेचा पट्टा कधी पीळ पडलेला बांधला गेलाय? मागून मैत्रीण सांगते, "अगं, तुझा पट्टा उलटा झालाय!" तर त्या दिवशी मोबियसची पट्टी बांधून शाळेत गेल्याचा मान तुझा!

आता खरी धमाल. ओळख पाहू: ही पट्टी त्या मधल्या रेघेवरून गोल गोल कापत गेलो, तर काय होईल?

"दोन कड्या होणार! त्यात काय एवढं?" भाची म्हणाली. तुलाही तसंच वाटतंय ना? साधी कडी मधून कापली तर दोन बारीक कड्या होतातच. बांगडीच्या दोन बांगड्या!

कात्री आत कशी घालायची, ते सांगते. मधल्या रेघेपाशी पट्टी चिमटीत किंचित दुमड आणि छोटीशी चीर दे. त्या चिरेत कात्री घाल आणि रेघेवरून काप.

कच्, कच्, कच्... शेवटचा कच्!

भाचीने पट्टी उचलली आणि तिचे डोळे हे एवढे झाले. दोन कड्या झाल्याच नाहीत. झाली एकच कडी! पहिल्यापेक्षा दुप्पट लांब!

"मावशी, जादू!"

जादू नाही गं. थांब, आपण या जादूगाराची पिशवीच उलटी करून बघू.

एक नवी पट्टी घे. तिचा वरचा अर्धा भाग लाल खडूने रंगव. खालचा अर्धा निळ्याने. मागूनही तसंच: लालच्या मागे लाल, निळ्याच्या मागे निळा. आता पीळ देऊन टोकं जवळ आण आणि सांध्यापाशी बघ. लाल कोणाला भेटला? निळ्याला! आणि निळा? लालला!

रिले शर्यत आठव. लाल मुलगा एक फेरी पळाला आणि दांडी निळ्याच्या हातात दिली. निळा पळाला आणि दांडी पुन्हा लालच्या हातात. म्हणजे दोघांचा मिळून रस्ता एकच, आणि तो दोन फेऱ्यांचा! मग मधून कापल्यावर लाल आणि निळा वेगळे कसे होतील? ते तर टोकाला टोक लावून बसलेत.

कळलं की नाही? मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एकटीच हसत सुटले होते.

आता आणखी एक पट्टी. हिच्यावर लांबीने तीन पट्टे रंगव. वर लाल, मध्ये पिवळा, खाली निळा. मागूनही अगदी तसेच. पीळ दे, चिकटव. सांध्यापाशी लाल भेटतो निळ्याला, निळा भेटतो लालला. आणि मधला पिवळा? तो भेटतो स्वतःलाच!

आता लाल आणि पिवळा जिथे भेटतात, त्या रेघेवरून काप. कात्री एक फेरी मारेल. अजून एक मारेल. दुसऱ्या फेरीत ती पिवळ्या-निळ्याच्या रेघेवरून जाते. घाबरू नकोस, कापत राहा. शेवटी ती आपल्याच पहिल्या चिरेला येऊन मिळते.

आणि हातात काय? एक लांबलचक लाल-निळी कडी, आणि तिच्यात अडकलेली एक छोटी पिवळी कडी! साखळी! न ओवता, न चिकटवता! भाचीने ती लगेच आपल्या साखळीला जोडून टाकली. "दोन कड्या फुकट मिळाल्या," म्हणे.

तोवर वीज आली होती. पंखा सुरू झाला आणि सगळ्या पट्ट्या घरभर उडाल्या. पण टीव्हीकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

भाचीला आता चेव चढला. तिने पट्टीला एकाऐवजी तीन पीळ दिले. म्हणजे टोक एकदा उलटं, पुन्हा उलटं, पुन्हा उलटं, तिन्ही वेळा एकाच दिशेने. मग चिकटवून मधून कापली. याही वेळी एकच लांब कडी निघाली, पण तिच्यात चक्क एक गाठ बसलेली! टोक तर कुठेच मोकळं नव्हतं. मग गाठ मारली कोणी? सांग बघू! (मी सांगणार नाही. पट्टी हातात घेऊन बस थोडा वेळ.)

पीळ नसलेल्या साध्या कड्याही काही कमी नाहीत हं. एकसारख्या दोन कड्या घे. एक उभी, एक आडवी. बाहेरून एकमेकींना चिकटव, अधिकच्या चिन्हासारख्या. खळ सगळीकडे लागली पाहिजे. वाळू दे. आता पहिली कडी मधोमध काप. हातकडी दिसते! मग मधली पट्टीही मधोमध काप, चिकटवलेल्या जागेतूनसुद्धा.

उलगड. गोल गेले कुठे? टेबलावर पसरली एक चौकट! अगदी कॅरमच्या बोर्डाची असते तशी, चारही बाजू सारख्या!

दोन गोलांतून चौकोन! असं कसं? चिकटवलेला तुकडा आठव. तो होता छोटासा चौकोन. कात्रीने त्याचे चार तुकडे केले, आणि तेच झाले चौकटीचे चार कोपरे. बाजू कुठून आल्या? दोन कड्यांचे प्रत्येकी दोन भाग, म्हणजे चार. हिशेब बरोबर!

या चौकटीत भाचीने गणपतीचं चित्र बसवलं. फोटोफ्रेमचे पैसे वाचले.

कापून उरलेल्या बारीक पट्ट्याही टाकू नकोस. बोटभर नाही, अर्ध्या बोटाएवढी रुंद पट्टी घे. दोरीला मारतात तशी तिला साधी गाठ मार. हळूहळू ओढ आणि चपटी कर. फाटेल हं, हळू! बघ, गाठीचा पंचकोन झाला! पट्टी न मोजता, कोनमापक न लावता! आता लांब शेपूट पंचकोनाभोवती गुंडाळत जा आणि शेवटचं टोक आत खोच. मग पाचही बाजू नखाने मधोमध आत दाब. टुमकन फुगते ती! झाली टपोरी चांदणी. अशा दहा-बारा चांदण्या दोऱ्यात ओवून आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांमध्ये सोडायला काय हरकत आहे?

आणि एक सांगायचं राहिलंच. घरात पुठ्ठ्याचं खोकं असेल तर त्यावर एक चिन्ह शोध. एकमेकांच्या मागे धावणारे तीन दुमडलेले बाण. 'हा कागद रद्दीत देऊन पुन्हा वापरा' असं सांगणारं चिन्ह. ते 1970 साली अमेरिकेतल्या गॅरी अँडरसन नावाच्या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं. वय वर्षं 23! आणि ते त्याला सुचलं कशावरून? मोबियसच्या पट्टीवरून! रद्दीच्या चिन्हात रद्दीची पट्टी लपलेली!

कारखान्यांतसुद्धा सामान वाहून नेणाऱ्या काही लांब पट्ट्यांना असा पीळ देतात. का? चपलेची टाच एकाच बाजूने झिजली की चप्पल लवकर जाते ना? तसंच. पट्टा साधा असला तर त्याची एकच बाजू घासली जाते. पीळ दिला की सगळा पट्टा सारखा झिजतो आणि जास्त टिकतो.

आता तुझ्यासाठी एक शेवटची करामत. पीळ दिलेल्या दोन कड्या कर. एकीला पीळ उजवीकडे, दुसरीला डावीकडे. मघासारख्या काटकोनात चिकटव आणि दोन्ही मधून काप. काय निघेल? दोन बदाम! पत्त्यांतले असतात ना, तसे. आणि दोन्ही एकमेकांत अडकलेले! दोघींना एकाच बाजूला पीळ दिला तर काय होतं? आम्ही केलंय. पण ते तू करून बघायचं.

आमची साखळी काही पुरी झाली नाही. पावणेदोन हात भरली, तेवढीच टांगली. आरतीला शेजारचे काका आले. भाचीने त्यांच्या एका हातात मोदक दिला, दुसऱ्या हातात ती सतरावी कडी, आणि विचारलं, "काका, सांगा, याला कडा किती?"

"दोन," काका म्हणाले. मग बोट फिरवून बघायला लागले.

मोदक गार झाला तरी काका फिरवतच होते.