लाकडी फळ्यांची भिंत : टिकते कशी, कुजते का?

गोठ्याला किंवा अवजारांच्या खोलीला मारलेल्या फळ्या काही पावसाळ्यांतच खालून कुजल्या, की आपण पावसाला दोष देतो. परंतु स्वीडनमध्ये पाऊस आणि बर्फ झेलणारी, फळ्यांच्या भिंतींची तांबडी कोठारे शंभरहून अधिक वर्षे उभी असलेली आढळतात. त्यामागील कारणे जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातील ओलावा 20 टक्क्यांपेक्षा कमी राहिल्यास ती वाढत नाही. म्हणजेच लाकूड भिजल्याने नव्हे, तर भिजलेले राहिल्याने कुजते.

फळ्यांची मांडणी : तेथे फळ्या बहुधा उभ्या मारतात. त्यामुळे पाणी धाग्याच्या दिशेने खाली निथळते. दोन फळ्यांत थोडी फट ठेवून तीवर अरुंद पट्टी मारतात. लाकूड रुंदीत फुगते व आकसते, लांबीत जवळजवळ नाही. फटीमुळे फळीला हालचालीस जागा मिळते व ती तडकत नाही. गाभ्याकडील बाजू बाहेर ठेवतात. फळी सुकताना सालीकडील बाजूस वळते, त्यामुळे तिच्या कडा चौकटीवर दाबून बसतात. फळीचे टोक पाणी सर्वांत जास्त शोषते, म्हणून ते जमिनीला न टेकविता दगडी जोत्याच्या वर ठेवतात.

रंग : फालून येथील तांब्याच्या खाणीतील मातीपासून हा तांबडा रंग करतात. खाण 1992 मध्ये बंद झाली, तरी रंग आजही तयार होतो. आपल्या गेरूप्रमाणे त्यात लोहाचे ऑक्साइड असते. ते पाणी, राय या धान्याचे पीठ, हिराकस व जवसाचे तेल यांबरोबर शिजवितात. हा रंग लाकडावर बंद थर धरत नाही, त्यामुळे आतील ओल बाहेर पडते. तो पोपडे न धरता भुकटी होऊन झिजतो. पुन्हा लावताना सुटी भुकटी ब्रशने झाडली की पुरते.

आपल्याकडे वाळवीचा उपद्रव अधिक असल्याने केवळ रंगावर विसंबू नये. फळी चांगली वाळलेली घ्यावी. तिचे खालचे टोक जोत्यावर, मातीपासून किमान वीतभर उंच ठेवावे. भिंतीला टेकून शेण, कडबा वा माती रचू नये. पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील एवढे छप्पर पुढे काढावे. लाकडावरील खर्च वाचवायचा असेल, तर रंगाचा डबा आणण्यापूर्वी पाणी कोठे साचते ते पाहावे.