भिंतीतला ऑक्सिजन

हॉस्पिटलच्या खाटेमागे भिंतीत एक छोटं तोंड असतं. त्यात फ्लोमीटर बसवला, की ‘टक्’ असा आवाज येतो आणि ऑक्सिजन वाहू लागतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे १९४८पासून चालत आलेल्या एनएचएसमध्ये, ऑक्सिजनचा जोड फक्त ऑक्सिजनच्याच तोंडात शिरतो. शेजारी नायट्रस ऑक्साइडचं तोंड असलं तरी तिथे तो कितीही रेटा, बसणार नाही. प्रत्येक वायूसाठी कडीचा व्यास वेगळा ठेवलेला. पहाटे तीन वाजता दमलेल्या नर्सचा हात चुकला, तरी वायू चुकत नाही. त्या थकलेल्या हाताचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवलाय, हे मला फार विलक्षण वाटतं.

आता पाइप धरून उलटं जाऊ. छतातून, भिंतींतून वाट काढत तो आवारातल्या एका उंच टाकीपाशी पोहोचतो. टाकीत ऑक्सिजन द्रवरूपात साठवलेला असतो, कारण एका लिटर द्रवापासून साडेआठशे लिटरच्या आसपास वायू मिळतो. पण त्याचा वायू करायला भट्टी नाही की हीटर नाही! पंखांसारख्या पट्ट्या असलेल्या धातूच्या नळ्यांतून द्रव फिरतो आणि भोवतालच्या हवेतली ऊब घेऊन उकळतो. ऑक्सिजनचा उत्कलनबिंदू उणे १८३ अंश, त्यामुळे लंडनच्या कडाक्याच्या थंडीतली हवाही त्याच्या दृष्टीने गरमागरमच.

कोविडमध्ये नेमकं इथेच अडलं. एकेका रुग्णाला मिनिटाला कित्येक लिटर ऑक्सिजन लागू लागला, नळ्यांवर बर्फाचे थर चढले. टाकीत साठा असूनही वॉर्डापर्यंतचा दाब टिकेल की नाही, हा घोर होता. ४ एप्रिल २०२० रोजी वॉटफर्ड जनरल हॉस्पिटलला ऑक्सिजन यंत्रणेतल्या अडचणीमुळे लोकांना ‘इकडे येऊ नका’ असं सांगावं लागलं. दाब कोसळला तर काय होतं, हे वर्षभराने नाशिकने पाहिलं. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले.

म्हणूनच एनएचएसमध्ये ऑक्सिजनच्या पाइपलाइनवर काम करायचं तर लेखी परवाना लागतो. व्हॉल्व्ह बंद करण्याआधी वॉर्डाच्या नर्सिंग अधिकाऱ्याची सही हवी. मोठी दुरुस्ती झाली, की वायू तपासायला सहसा फार्मासिस्ट येतो, कारण पाइपातून येणारा ऑक्सिजन हे कायद्याने औषध आहे. पाना हातात घेतलेला फिटर आणि औषधांचा जाणकार एकाच पाइपाशी उभे!

हॉस्पिटलच्या इमारती आणि यंत्रणांच्या प्रमुखाचं खरं काम म्हणजे ही सगळी माणसं एकत्र आणणं. त्यात पाणीही आलं: लीजिओनेला हा जंतू साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो, म्हणून रिकाम्या खोल्यांतले नळही कुणीतरी ठरल्या दिवशी सोडतं. आणि छतही आलं. इंग्लंडमधल्या किंग्ज लिनचं क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल १९८०मध्ये सुरू झालं. इमारतीचं आयुष्य ३० वर्षांचं धरलेलं, छताला सच्छिद्र हलक्या काँक्रीटचे स्लॅब. आज त्यांना लोखंडी आणि लाकडी टेकू दिलेत आणि त्याच छताखाली उपचार चालू आहेत. मजबुतीसाठी एकेक वॉर्ड आळीपाळीने रिकामा करायचा, तर कोणता आधी, आणि तिथले रुग्ण तोवर कुठे हलवायचे, हे डॉक्टर-नर्सेसबरोबर बसून या प्रमुखालाच ठरवावं लागतं.