अक्षरांना रंग कोण देते?

प्रयोगशाळेतला कार्बनचा रोधक तुम्ही पाहिला असेल. त्याच्या अंगावरचे रंगीत पट्टे शोभेसाठी नसतात. काळा म्हणजे 0, तपकिरी म्हणजे 1, लाल म्हणजे 2. रंग वाचला की अंक कळतो. संगणकाचा प्रोग्रॅम पडद्यावर दाखवतानाही हीच युक्ती वापरतात.

पायथॉन भाषेतली ही ओळ पहा. समजण्यासाठी ती आपल्या लिपीत लिहिली आहे :

प्रिंट("उंची", 25) # सेंटिमीटर

हिला रंग देणारा प्रोग्रॅम ती डावीकडून उजवीकडे वाचतो आणि तिचे तुकडे पाडतो. अवतरणचिन्हांत आहे तो मजकूर, 25 ही संख्या, # पासून ओळीच्या शेवटापर्यंत टीप. प्रत्येक तुकड्याला तो एक चिठ्ठी चिकटवतो. रंगांची यादी वेगळ्या फाइलमध्ये असते. कोणत्या चिठ्ठीला कोणता रंग, एवढेच तिच्यात लिहिलेले असते.

आता सांगा, # हे चिन्ह अवतरणचिन्हांच्या आतच आले तर? ती टीप होईल का? नाही! एकदा अवतरणचिन्ह उघडले, की ते बंद होईपर्यंत सारे मजकूरच धरायचे, असा नियम त्याला दिलेला असतो.

गेल्या वर्षी मी लंबकाच्या प्रयोगाचे प्रोग्रॅम एका लहानशा संकेतस्थळावर ठेवले. त्यासाठी ह्यूगो हे साधन घेतले. दिवाळीचा फराळ आधी करून डब्यात भरून ठेवावा, तशी ह्यूगो सगळी पाने आधीच तयार करून ठेवते. रंगवण्याचे कामही तेव्हाच उरकते. ते काम ह्यूगोमधला क्रोमा हा भाग करतो. त्यामुळे वाचणाऱ्याच्या जुन्या फोनवर त्याचा भार पडत नाही.

कृती सोपी आहे. प्रोग्रॅमच्या आधी आणि नंतर 'बॅकटिक' चिन्ह तीन तीन वेळा लिहायचे. सुरुवातीच्या तीन चिन्हांना लागूनच भाषेचे नाव लिहायचे. पहिल्या खेपेस मी नाव लिहायला विसरलो आणि सारे पान एकरंगी आले! कोणते नियम लावायचे, हे क्रोमाला कळणार कसे?

नाव लिहिले, पान रंगीत झाले. टीपा हिरव्या, मजकूर लाल. मी खूश! पण एक विद्यार्थी तासानंतर थांबला आणि म्हणाला, "सर, मला दोन्ही सारखेच दिसतात." त्याला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट दिसत नव्हता. रोधकाचे पट्टे वाचताना तो का अडखळत असे, हेही मला त्या दिवशी उमगले. इतके दिवस मी त्याला धांदरट समजत होतो.

मग मी ह्यूगोच्या मांडणीच्या फाइलमध्ये 'नोक्लासेस'ची किंमत 'फॉल्स' केली. त्यामुळे रंग पानातच न लिहिता नुसत्या चिठ्ठ्या लिहिल्या जातात. रंगांची फाइल ह्यूगोच्याच एका आज्ञेने तयार केली आणि ती पानांना जोडली. त्या फाइलमध्ये टीपा तिरप्या केल्या, राखीव शब्द ठळक केले, मजकुराचा रंग गडद निळा केला. प्रोग्रॅममधले एक अक्षरही बदलावे लागले नाही. चिठ्ठी आणि रंग वेगळे ठेवण्याचा फायदा हाच.

शेवटी एक सावधगिरी. गुरुत्वत्वरण 9.8 ऐवजी 98 लिहिले, तरी ती संख्या तितक्याच सुंदर रंगात दिसेल! रंग देणारा प्रोग्रॅम तुकडे ओळखतो, अर्थ ओळखत नाही. तो तुम्हीच ओळखायचा.

तुमच्या वहीतला एखादा प्रोग्रॅम घ्या आणि खडूंनी रंगवून पहा. मग तो मित्राला दाखवा आणि विचारा, "तुला सगळे रंग वेगळे दिसतात ना?"