विरळ हवेत हेलिकॉप्टर का थकते?

समुद्रसपाटीलगत एक घनमीटर हवा साधारण १.२ किलो भरते. कारगिलच्या टायगर हिलवर, ५,०६२ मीटर उंचीवर, हवेची घनता याच्या जेमतेम ६० टक्के उरते. हेलिकॉप्टरची अडचण इथूनच सुरू होते.

पाती हवा खाली ढकलतात, म्हणून हेलिकॉप्टर वर राहते. हवा विरळ झाली की तेच वजन पेलायला जास्त शक्ती लागते. पण इंजिनालाही हवा कमी मिळत असल्याने त्याची शक्ती घटते. उन्हाने तापलेली हवा आणखी विरळ होते. एका जागी तरंगणे तर सर्वांत कठीण. मग इंधन, शस्त्रे, चिलखत यांत काटछाट करावी लागते.

युद्धात ही मर्यादा जिवावर बेतते. शत्रू शिखरावर बसलेला, आणि जड हेलिकॉप्टर चपळाईने वळू शकत नाही. कारगिल युद्धात २८ मे १९९९ रोजी तोलोलिंग शिखरावर रॉकेटमारा करणारे एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडले गेले. त्यातील चारही जण शहीद झाले. त्या हेलिकॉप्टरवर क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर नव्हते. त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरे हल्ल्यातून मागे घेतली गेली.

सियाचिनवर हलके ‘चीता’ रसद पोहोचवते आणि जखमींना खाली आणते. २०२२ मध्ये हवाई दलात आलेले ‘प्रचंड’ ५,००० मीटरवर शस्त्रांसह उतरू शकते. तरीही भौतिकशास्त्राचा नियम कायम आहे: उंची वाढली की भार कमी करावाच लागतो. कारगिलची शिखरे अखेर पायदळाने चढून जिंकली, हे आपण कृतज्ञतेने लक्षात ठेवले पाहिजे.